चौदाशे पुस्तकांची आजी

घरातलं माणूस गेलं की दागिने वाटले जातात, साड्या वाटल्या जातात. पण पुस्तकांचं काय करायचं? तेही एक-दोन नव्हे, चांगली चौदाशे!

माणूस गेल्यावर मागे जे उरतं, त्याचं काय करायचं हे आपल्या मराठी घरांमध्ये तसं ठरलेलं असतं. दागिने मुली-सुनांकडे जातात. चांगल्या साड्या मावश्या-आत्यांमध्ये, रोजच्या साड्या कामवाल्या ताईंना. चष्मा कोणी टाकत नाही आणि कोणाला उपयोगीही पडत नाही, त्यामुळे तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो. बँक, पोस्ट, पेन्शन, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स... या सगळ्यासाठी प्रत्येक खानदानात एक जाणकार काका असतात. कुठल्या खिडकीवर कुठला फॉर्म मिळतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

पण पुस्तकं? बॉस, पुस्तकांसाठी कुठल्याच काकांकडे उत्तर नसतं.

माझी आजी, म्हणजे आईची आई, २०२४च्या डिसेंबरमध्ये गेली. चौऱ्याऐंशी वर्षांची होती. न्यूमोनियाचं निमित्त झालं, चार दिवस हॉस्पिटल, आणि पाचव्या दिवशी सकाळी संपलं. मागे तिने पुस्तकं ठेवली. नेमकी १,४१२. आकडा इतका नेमका कारण मी एक्सेल शीट केली. माझ्यासारख्या ऑफिसवाल्या मुलीला खूप रडू यायला लागलं की ती लॅपटॉप उघडून कॉलम पाडायला बसते. कोणाचं काय, तर कोणाचं काय!

घाईचं कारणही होतं. डोंबिवली पश्चिमेची त्यांची बिल्डिंग १९७८ची, तळमजला अधिक तीन मजले. ती रीडेव्हलपमेंटला गेली आणि ३१ मे २०२५पर्यंत सगळ्यांनी ब्लॉक रिकामे करायचे ठरले. (डोंबिवलीत फ्लॅटला अजूनही ब्लॉकच म्हणतात, कृपया नोंद घ्यावी.) अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी जवळच एक भाड्याचा वन बीएचके बघितला. त्यात एक पलंग, एक कपाट, टीव्ही, देव आणि आजोबा एवढं मावतं. मग ही १,४१२ मंडळी कुठे राहणार?

आठ तेराची वाचक

आजी कोणी साहित्यिक वगैरे नव्हती हं. मॅट्रिक झाली, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि १९६०मध्ये, महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, सरकारी नोकरीत टायपिस्ट म्हणून चिकटली. त्या काळी त्या इमारतीला सचिवालय म्हणायचे. १९७५मध्ये तिचं मंत्रालय झालं, पण आजीने ते बारसं शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

ती वाढली गिरगावातल्या चाळीत. तिथे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा बिऱ्हाडा-बिऱ्हाडातून फिरायच्या. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, म्हणजे चाळीत तुटवडा पडायचा प्रश्नच नव्हता. पुढे ती दुर्गाबाई वाचायला लागली, इरावतीबाई, जी. ए., गौरी देशपांडे, सगळं वाचायला लागली, पण झुंजार आणि काळापहाड यांना तिने कधी कमी लेखलं नाही. ‘अमुक वाचतो म्हणजे मी वरच्या इयत्तेतला’ हा जो एक टिपिकल मराठी माज असतो ना, तो तिच्यात औषधालाही नव्हता. वाण्याच्या पुडीचा कागद ती वाचायची. कालनिर्णयची बारा पानं तर १ जानेवारीला सकाळी चहाबरोबर मागच्या बाजूने वाचून संपवायची आणि मगच कॅलेंडर खिळ्याला लागायचं.

१९६२मध्ये लग्न झालं. १९६९मध्ये बिऱ्हाड डोंबिवलीला गेलं, गिरगाव-दादर सोडून तिकडे गेलेल्या हजारो मराठी कुटुंबांसारखंच. तेव्हापासून १९९८मध्ये रिटायर होईपर्यंत रोज सकाळची आठ तेरा आणि संध्याकाळची परतीची गाडी. जाऊन-येऊन अडीच तास. वर्षाचे २८० दिवस धरले तरी एकोणतीस वर्षांचे वीस हजार तास होतात. आपण हे तास कानात इअरफोन घालून संपवतो. आजीने ते वाचून संपवले, आणि बहुतेक वेळा उभ्याने. कारण डोंबिवलीला चढून बसायला मिळणं ही तेव्हाही लॉटरीच होती.

लेडीज डब्यात बाकीच्या बायका मटार सोलायच्या, मेथी निवडायच्या. आजीच्या हातात पुस्तक. मग असा सौदा ठरला, की मैत्रिणींनी आजीचा मटार सोलून द्यायचा आणि आजीने त्या बदल्यात काल वाचलेली गोष्ट सांगायची. ठाणे येईपर्यंत अर्धा किलो मटार आणि एक प्रकरण! यातूनच पुढे तिची गाडीतली लायब्ररी सुरू झाली. कापडी पिशवीत चार-पाच पुस्तकं, आणि कोणाला काय दिलं याची एक फुलस्केप वही. नाव, पुस्तक, दिलं, परत. असे चार रकाने. १९७६ ते २०१८ या काळात तीन वह्या भरल्या. त्यात त्रेसष्ट पुस्तकं परत न आलेली आहेत आणि ती नावं आजीला शेवटपर्यंत पाठ होती.

कुकरच्या तीन शिट्ट्या

आजीची एक सवय होती. पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख घालायची आणि एका शब्दात निकाल द्यायचा. ‘ठीक.’ ‘पुन्हा.’ ‘भंपक.’ ‘रडवलं.’ कधी जागाही लिहिलेली असायची, ‘उभ्याने’, ‘खिडकी मिळाली’. मे १९७४च्या तीन पुस्तकांवर नुसतं ‘संप. घरी.’ असं आहे. तो देशभरचा रेल्वे संप, गाड्या बंद, त्यामुळे बाईसाहेब घरी बसून वाचतायत! मुखपृष्ठावर मात्र नाव नाही, काही नाही. पान दुमडलेलं तर तिला अजिबात चालायचं नाही. खूण म्हणून रेल्वेची जुनी पुठ्ठ्याची तिकिटं. आम्हाला ती दोनशेच्या वर सापडली.

एक्सेलमध्ये मी या तारखांचा वेगळा कॉलम केला. सहज. आणि मग एका रात्री तो सॉर्ट केला.

इथे माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आईचं आणि आजीचं उत्तम जमायचं, पण पुस्तकं म्हटलं की आईच्या कपाळाला आठी. तिचं बालपण म्हणजे गळ्यात किल्ली. शाळेतून यायचं, कुलूप काढायचं, भावाला वाढायचं, मग साडेसात वाजेपर्यंत वाट बघायची. आजी आली की चप्पल काढून थेट ओट्याशी. कुकर लावायचा आणि ओट्याला टेकून पिशवीतलं पुस्तक उघडायचं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ती कोणाची नसायची. ‘आई, आज शाळेत ना...’ असं सुरू केलं की उत्तर ठरलेलं, ‘शिट्टी होऊ दे.’

‘मला त्या पुस्तकांचा राग यायचा गं,’ आई म्हणते. ‘दिवसभर ऑफिसने घेतलेली आई, आल्यावर पुस्तकाने घ्यायची.’ आपल्यापैकी ज्यांची आई नोकरी करायची त्यांना हे नीट कळेल. ज्या स्वतः आता आई आहेत आणि संध्याकाळी घरात शिरताना दहा मिनिटं नुसतं गप्प बसायला मिळावं म्हणून तडफडतात, त्यांना आजीचंही कळेल. माझं मत विचाराल तर तीन शिट्ट्या म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटं, आणि चोवीस तासांत एवढं तर कोणीही मागावं. पण मी ती गळ्यात किल्ली असलेली मुलगी नव्हते, त्यामुळे माझ्या मताला फार किंमत नाही.

तर सॉर्ट केलेली यादी. दर महिन्याला तीन, चार, पाच पुस्तकं. वर्षामागून वर्षं. मध्येच डिसेंबर १९७८ ते मार्च १९७९ या काळात एकही नोंद नाही. मग पुन्हा नियमित. मग डिसेंबर १९८१ ते मार्च १९८२, परत शून्य. आजी आजारी होती का, म्हणून मी आईला फोन केला. ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘एकोणऐंशीला दादाची दहावी. ब्याऐंशीला माझी.’

अडतीस वर्षांच्या नोकरीत चार-चार महिन्यांचे दोनच उपास. गाडीतही वाचलं नव्हतं. गाडीत ती काय करायची, हे आम्हाला तिच्या एका मैत्रिणीकडून कळलं, त्याबद्दल पुढे.

त्याच रात्री आईने स्वतः ‘युगान्त’ची जुनी प्रत काढून आणली. पान ११२च्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘इथे थांबले. मुलीला मुलगी झाली. पुढचं नंतर.’ ती मुलगी म्हणजे मी. शेवटच्या पानावरची तारीख त्यानंतर सात आठवड्यांनी आहे. ‘युगान्त’ ती तेव्हा पाचव्यांदा वाचत होती, त्यामुळे थांबल्याने फार बिघडलं नसावं!

कुरिअर बॉय

आजोबा कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात फिटर होते. वाचन म्हणजे पेपर, तोही मागच्या पानापासून. पण डोंबिवलीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत त्यांना सगळे ओळखतात. आजीची गाडी लेट झाली तर ती पोचेपर्यंत लायब्ररी बंद व्हायची, त्यामुळे पुस्तकं बदलायचं काम आजोबांकडे आलं. दर शनिवारी शर्टाच्या खिशात आजीची चिठ्ठी, त्यावर सात-आठ नावं, पसंतीच्या क्रमाने. पहिलं नसेल तर दुसरं. ‘एक पुस्तक, एक मासिक’ अशी वर्गणी. दिवाळीत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी. ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा ही पुढे अशी आख्खी बिल्डिंग कामाला लावणार हे संपादकांच्या स्वप्नातही नसेल. आमच्याकडे चार मजल्यांवर अंक फिरवण्याचं वेळापत्रक दाराला लावलेलं असायचं आणि अंक वेळेत वर पोचवायची जबाबदारीही अर्थात आजोबांची.

गंमत म्हणजे चाळीस वर्षं पुस्तकं वाहून आजोबांना ती सगळी माहीत झाली होती, फक्त आतलं सोडून. रंग, जाडी, वजन, लायब्ररीचा नंबर. ‘ते लाल, मधे शिवण उसवलेलं’ म्हटलं की ते डोळे मिटून कपाटातून काढून द्यायचे.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस आपण मुंबईचा म्हणून लक्षात ठेवतो. पण उल्हास नदीने बदलापूर, कल्याण, डोंबिवलीकडेही हाहाकार केला होता. आजी-आजोबांचा ब्लॉक तळमजल्यावर. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. आजोबा फ्रिज उचलायला धावले, तर आजी म्हणाली, ‘अहो, फ्रिज राहू दे. आधी खालचे दोन खण.’ अडुसष्ट वर्षांचे आजोबा स्टुलावर चढून माळ्यावर पुस्तकं रचत राहिले. फ्रिज गेला तो गेलाच.

तरी दीडशेच्या आसपास पुस्तकं भिजली. पुढचे पंधरा दिवस त्या घरात मी जे बघितलं (मी दहा वर्षांची होते आणि शाळेला सुट्टी होती, सो फुल धमाल) ते कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकवत नाहीत. भिजलेलं पुस्तक उन्हात ठेवायचं नाही, कागद कडक होतो. उभं करून पानं पंख्याच्या वाऱ्यावर मोकळी ठेवायची. दर दहा-वीस पानांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा आणि तो दर दोन-तीन तासांनी बदलायचा. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं मात्र लगेच सोडवली नाहीत तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात. तशी काही गेली. बाकीची वाचली, पण लाटांसारखी वळ्या-वळ्यांची झाली. ती सगळी एका खणात होती. तो खण नीट बंद व्हायचा नाही, म्हणून दाराला सुतळी. त्या पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर जुन्या तारखेखाली अजून एक ओळ आहे, ‘भिजलं. वाळवलं.’

‘सैन्य अजून उपाशी आहे’

२०१९मध्ये आजीची नजर गेली. म्हणजे पूर्ण नाही. मॅक्युलर डीजनरेशन. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होतो, कडेचं दिसत राहतं. घरात फिरता येतं, माणूस आलेलं कळतं, पण ज्याच्याकडे रोखून बघाल तेच नेमकं दिसत नाही. चेहरे जातात. अक्षरं जातात. काही प्रकारात इंजेक्शनांचा उपयोग होतो. आजीच्या बाबतीत वेळ निघून गेली होती. भिंग आणलं, मोठ्या अक्षरांचा टॅब आणला. ऑडिओबुकं लावून दिली तर दोन दिवसांनी म्हणाली, ‘तो माणूस फार अ‍ॅक्टिंग करतो. मला माझी अ‍ॅक्टिंग मनात करू दे की.’

मग मी सुरू केलं. माझं ऑफिस ऐरोलीला, घर ठाण्यात. सकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं वाचायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवायची. बस. संध्याकाळी आजीचं उत्तर यायचं. ‘घाई करू नकोस, तुला कुठे आठ तेरा पकडायचीय?’ किंवा ‘काल एक पान गाळलंस. मुद्दाम गाळलंस की चिकटलंय?’ (चिकटलं होतं. २००५.) पाच वर्षांत अकरा पुस्तकं झाली. पहिलं तिच्या हट्टाने ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक १९३४पासून भागाभागाने आलं. आजी ते दरवर्षी वाचायची, आता ऐकायचं होतं.

यात एक अनपेक्षित गोष्ट झाली. फोनचं बटण आजीला दिसायचं नाही, त्यामुळे नोट लावायचं काम आजोबांचं. लावून उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून ते बसायला लागले. ‘स्मृतिचित्रे’च्या तिसऱ्या आठवड्यात आजीच्या उत्तरामागे मला खो-खो हसू ऐकू आलं. माझे आजोबा! चाळीस वर्षं पुस्तकं वाहणारा माणूस वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा एका पुस्तकाच्या आत शिरला होता.

ऑक्टोबर २०२४मध्ये आजोबांनी स्वतः फर्माईश केली, ‘पानिपत’. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ची, जाडजूड. मी म्हटलं, ‘आजोबा, शेवट तर सगळ्यांना माहितेय.’ आजी मागून म्हणाली, ‘शेवट माहीत आहे म्हणून तर वाचायचं.’ डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही कोंडीपर्यंत पोचलो होतो. १७६०च्या थंडीत अब्दालीने रसद तोडलेली, मराठ्यांची छावणी पानिपतावर अडकलेली, खायला दाणा नाही. तिथे व्हॉइस नोट्स थांबल्या.

तेराव्यानंतर चार दिवसांनी आजोबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, औषधं घेतली का, मावशी आल्या का. मग म्हणाले, ‘पोरी, एक विचारू? ते सैन्य अजून उपाशी आहे गं.’

मी दुसऱ्या दिवसापासून परत वाचायला लागले. सोपं नव्हतं. संध्याकाळचं उत्तर येत नसे, कारण आजोबांना रेकॉर्ड करायला जमत नाही. ते अंगठा पाठवतात. मार्चमध्ये पुस्तक संपलं. शेवटच्या पानावर १९८९ची आजीची तारीख आहे, ‘रडवलं.’ त्याखाली आजोबांनी पेन्सिलीने नवी तारीख घातली आणि लिहिलं, ‘ऐकलं.’ वर त्यांचं फिटरचं मतही सांगितलं, ‘रसद तुटली की संपलं. कारखान्यातसुद्धा तसंच असतं.’

शनिवारी ते अजूनही लायब्ररीत जातात. एक पुस्तक, एक मासिक. आईने सुचवलं, की खातं बंद करू, अनामत रक्कम परत मिळेल. ते ‘बघू’ म्हणाले. आजोबांचं ‘बघू’ म्हणजे नाही.

कोणी पुस्तकं घेतं का पुस्तकं?

आता मुद्द्याचं. तुमच्याही घरी हा प्रसंग येणार आहे, म्हणून जे कळलं ते सांगते.

रद्दीवाला किलोला चौदा रुपये म्हणाला. हार्डबाउंड असेल तर पुठ्ठा वेगळा काढून द्या, हेही म्हणाला. त्याला आईने चहा देऊन परत पाठवलं. एका अनुदानित वाचनालयाने स्पष्ट सांगितलं, की जागा नाही. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतील तर आणा. ऐकून वाईट वाटतं, पण त्यांचंही खरं आहे. त्यांच्याकडे रोज कोणाच्या ना कोणाच्या आजोबांची पेटी येते. न्यू जर्सीहून मामाने व्हिडिओ कॉलवर आयडिया दिली, ‘सगळं स्कॅन करून नेटवर टाकून द्या.’ मामा, असं नसतं. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. लक्ष्मीबाई चालतील, विश्वास पाटील नाही. महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तिकडे द्यावीत असंही कोणी म्हणालं. कल्पना छान, पण आजोबांना ते फार लांब वाटलं. जणू पुस्तकं एकटी जाणार होती.

आम्ही एक काम आधी केलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. तीन वीकएण्ड गेले. पण तो फोटो हातात आला की पुस्तक हातातून सोडणं जरा जमतं. मग चाळणी लावली. स्वस्त कागदावरची पुस्तकं आतल्या लाकडाच्या लगद्यामुळे पिवळी पडून पापडासारखी मोडत होती. काहींना कसर लागली होती, आजीचं वेखंड आणि डांबरगोळ्या असूनही. अशी सेहेचाळीस बाजूला काढली. बाकीच्यांसाठी आम्ही बिल्डिंगच्या ग्रुपवर आणि आठ तेराच्या ग्रुपवर (हो, रिटायर झालेल्या बायकांचा ग्रुप आहे, आणि तो आपल्या ऑफिसच्या ग्रुपपेक्षा जास्त चालतो) मेसेज टाकला. मेच्या तिसऱ्या रविवारी घरी या, हवी ती पुस्तकं घेऊन जा.

पन्नासेक माणसं येतील असा अंदाज होता. दुपारी दोनपर्यंत चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. सत्तरी-ऐंशीच्या बायका, काठी टेकत आलेल्या, सुना-नातवंडांना घेऊन. बिल्डिंगमधली पोरं. लायब्ररीतला काउंटरवरचा मुलगा. आठ तेरावाल्या एका काकूंनी पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. १९८८मध्ये नेलेलं, त्रेसष्टांपैकी एक! आणि त्यांनीच आईला ते दहावीचं सांगितलं. ‘त्या वर्षी तुझी आई गाडीत काहीच वाचायची नाही. तुझं बीजगणिताचं पुस्तक आणायची आणि मला विचारायची, हे कसं करतात ते समजाव. मी अकाउंट्सला होते ना. रात्री तुला शिकवायची म्हणाली.’ आई आत चहा ठेवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दाराशी खुर्ची टाकून आजोबा बसले होते, मांडीवर तिसरी फुलस्केप वही. काकूंचं पुस्तक हातात घेऊन त्यांनी दुसरी वही मागवली, १९८८ची ओळ शोधली, ‘परत’च्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली. मग पुस्तक काकूंनाच परत दिलं आणि तिसऱ्या वहीत नव्याने नोंद केली. नाव, पुस्तक, दिलं.

‘कधी आणणार?’ त्यांनी विचारलं.

काकूंनी आईकडे बघितलं. आईने आजोबांकडे. ‘बाबा, उसनी नाही द्यायची आहेत. कायमची द्यायची आहेत.’

‘कायमची द्यायला ती माझी आहेत का?’ आजोबा म्हणाले. ‘वही तिची आहे. मी कुरिअर.’

आणि मग प्रत्येकाला, अगदी फास्टर फेणे घेऊन चाललेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या पोरालासुद्धा, त्यांनी तोच प्रश्न विचारला. लोकही शहाणे. कोणी म्हणालं दिवाळीपर्यंत, कोणी म्हणालं वाचून झालं की लगेच. त्या पोराने ‘सोमवारी’ सांगितलं आणि तो खरोखर सोमवारी घेऊन आला.

संध्याकाळपर्यंत ८७० पुस्तकं गेली. ३१० आम्ही डोंबिवलीतल्या एका पुस्तक आदानप्रदान प्रदर्शनासाठी बांधून ठेवली. उरलेली १८६, त्यात वळ्या-वळ्यांचा सगळा खण, भाड्याच्या घरी पलंगाखाली गेली. तीन वह्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, चष्म्याशेजारी. तिसऱ्या वहीच्या पुठ्ठ्यावर आजोबांनी नवा पत्ता चिकटवलाय. दुसरा मजला, बेल चालत नाही, दार वाजवावे. आठ तेराच्या ग्रुपवर तो फोटो काढून टाकायला मला सांगितलं.

आतापर्यंत सतरा पुस्तकं परत आली आहेत. पलंगाखाली जागा नाही, म्हणून ती देव्हाऱ्याखाली आहेत. आईने कपाळाला हात लावलाय. आणणाऱ्याला आजोबा आत बोलावतात, पाणी देतात, तारीख घालतात आणि विचारतात, ‘दुसरं कुठलं देऊ?’